आधी रीडिंग, मग स्क्रू

"कोड आम्ही लिहितो, आणि मागून झाडलोट आमचे भाऊ करतात. त्यांच्या घरात ती परंपराच आहे. वडिलांनी रूळ झाडले, हे मॅन्युअल झाडतात."

माइकवर अभय सर होते. भाऊ म्हणजे मी.

बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या एका मंडळाचा हॉल. रविवारची सकाळ, एका कॉम्प्युटर प्रोग्रामचा बक्षीस-समारंभ. लोक हसले. आधी पुढच्या रांगेतले हसले. मग मागचे. मागच्यांना नीट ऐकू गेलं नसावं, पण पुढचे हसले म्हणून तेही हसले.

मीही हसलो.

त्या दिवशी दारातच प्रत्येकाच्या गळ्यात एक कार्ड अडकवत होते. ज्यांनी प्रोग्राम लिहिला त्यांच्या कार्डावर 'कोअर टीम'. बाहेरून आलेल्यांच्या कार्डावर 'पाहुणे'. माझ्या कार्डावर 'स्वयंसेवक'. तेच कार्ड चहाचे ट्रे फिरवणाऱ्या पोरांच्या गळ्यात होतं. एका बाईंनी कार्ड वाचलं आणि मला सांगितलं, तिकडच्या डिशमधला लिलो चेवडो संपलाय, बघा जरा. मी आत जाऊन सांगून आलो. त्यात मला काही वाटलं नाही. बाईंना काय माहीत, असं म्हणून सोडून दिलं. अपमान गिळायची सवय असली की पहिला घास कळतसुद्धा नाही.

मग बक्षिसं सुरू झाली. शेवटचं बक्षीस डॉक्युमेंटेशनचं. म्हणजे प्रोग्राम कसा वापरायचा ते सांगणाऱ्या पुस्तिकेचं. ती पुस्तिका मी लिहिली होती. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. मराठीत, गुजरातीत आणि मला येतं तेवढ्या सरळ इंग्रजीत. मी खुर्चीत ताठ बसलो. सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

नाव पुकारलं निनादचं.

निनाद हा अभय सरांचा भाचा. कॉलेज नुकतंच संपलेला. तो उठला, स्टेजवर गेला, स्मृतिचिन्ह हातात घेतलं आणि माइकपाशी थांबला. म्हणाला, "खरं तर हे भाऊंनी..." आणि माझ्याकडे बघितलं. सरांनी हसत हसत त्याच्या हातातून माइक काढून घेतला. मग ते वर लिहिलेलं वाक्य म्हणाले.

निनादने मान खाली घातली. हॉल हसला. मी हसलो.

आता मी कोण ते सांगतो.

मी गोरव्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका युनिटमध्ये इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे. आयटीआय झालेला. वय पन्नाशीच्या पुढे. आमच्याकडे प्रेशर गेज, थर्मामीटर, वजनकाटे तपासायला येतात. गेज खरं दाखवतंय की खोटं, हे ठरवणं माझं काम. या कामाचा एक नियम आहे. माझ्या उस्तादाने, मगनकाकांनी, पहिल्याच दिवशी सांगितला होता. आधी रीडिंग, मग स्क्रू. गेज आलं की लगेच स्क्रू फिरवून ते दुरुस्त करायचं नाही. आधी ते काय दाखवतंय ते लिहायचं. पाच दाखवायला हवं तिथे सहा दाखवत असेल तर सहा लिहायचं. मग स्क्रू फिरवायचा. मग दुरुस्त झाल्यावरचं रीडिंग वेगळं लिहायचं. आधीच स्क्रू फिरवला तर गेज कायमच बरोबर होतं असं दिसतं. आणि त्या खोट्या काट्याकडे बघून जे काम झालं, ज्या बॉयलरवर माणसं उभी राहिली, त्याचा पत्ताच लागत नाही.

जसं सापडलं तसं लिहायचं. लाज वाटली तरी.

या रीडिंगांचा हिशोब ठेवणारा एक प्रोग्राम आहे. ओपन सोर्स. म्हणजे फुकट, आणि आतला कोड सगळ्यांना उघडा. कुणीही वाचावा, बदलावा. अभय सर आणि त्यांच्या मित्रांनी तो बडोद्यातच बनवला. नाव लिहीत नाही. प्रोग्राम चांगला आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. आमच्या युनिटमध्ये तो आला तेव्हा त्याची पुस्तिका म्हणजे इंग्रजीतला एक कागद होता. आमची माणसं तो उघडायची आणि बंद करायची. मी जेवणाच्या सुट्टीत बसून एक एक पायरी लिहायला लागलो. आधी फक्त आमच्या माणसांसाठी. मग कुणीतरी ती पानं सरांना दाखवली. त्यांनी मला बोलावून घेतलं.

जुन्या पादरा रोडवर त्यांचा फ्लॅट आहे. गॅलरीत पितळी कड्यांचा हिंचका, म्हणजे झोपाळा. मला हिंचक्यासमोरच्या खुर्चीत बसवलं. सर हिंचक्यावर. त्यांचे पणजोबा संस्थानात दफ्तरदार होते, ते त्यांनी सांगितलं. मग मला विचारलं, मूळचे कुठले? मी म्हणालो, जळगावकडचे. आडनाव विचारलं. सांगितलं. आमच्यात आडनाव सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही. समोरच्याच्या चेहऱ्यावर ते आपोआप उमटतं. तरी त्यांनी विचारलं, वडील काय करायचे?

मला खोटं बोलता आलं असतं. 'रेल्वेत होते' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी पूर्ण सांगितलं. बडोदे स्टेशनवर सफाई कामगार. रूळ झाडायचे. गाडी गेली की खाली उतरायचे, लोखंडी पत्रा आणि खराटा घेऊन. माणसांनी चालत्या गाडीतून जे खाली सोडलेलं असायचं ते गोळा करायचे. घरी यायच्या आधी यार्डातल्या नळावर अंघोळ करायचे, तरी आईने ठेवलेल्या बादलीने परत करायचे.

सर म्हणाले, "वा. किती कौतुकाची गोष्ट आहे."

मला बरं वाटलं होतं. हा माणूस मोठा आहे, असं वाटलं होतं. मी विश्वासाने दिलेली ती गोष्ट त्यांनी जपून ठेवली आणि भर हॉलमध्ये काढली.

पुस्तिका लिहिणं एकदाचं काम नसतं, हे लोकांना कळत नाही. प्रोग्राम बदलत राहतो. एखादं बटण वरचं खाली जातं. कालपर्यंत दाब किलोमध्ये विचारणारा रकाना आज बारमध्ये विचारतो. तुम्ही झोपेत असता आणि तुमचं पान खोटं होतं. मग परत बसायचं. प्रत्येक वाक्य स्वतः करून बघायचं. माझा नियम होता, जी पायरी माझ्या हाताने झालेली नाही ती पुस्तिकेत जाणार नाही. प्रत्येक नव्या आवृत्तीला मी सगळी पानं पहिल्यापासून तपासायचो. रविवारी, घरी, मुलीच्या जुन्या लॅपटॉपवर. कोड लिहिणारा नवीन काही केलं की सांगतो. पुस्तिका सांभाळणारा काय सांगणार? आज काहीही खोटं नाही, हे सांगण्यासारखं नसतं.

पण ती पानं मला स्वतःला लावता येत नव्हती.

या प्रकल्पांमध्ये अशी पद्धत असते. प्रत्येक बदल एका जागी जमा होतो आणि त्याखाली ज्याने तो आत टाकला त्याचं नाव आपोआप छापलं जातं. आत टाकायची परवानगी थोड्यांना असते. त्याला हे लोक आपसात चावी म्हणतात. सर सुरुवातीला म्हणाले होते, तुम्हाला कशाला त्या भानगडी, तुम्ही ईमेलने पाठवा, निनाद लावेल. मी पाठवायचो. निनाद लावायचा. खाली नाव यायचं निनादचं.

पुढे मी ते तंत्र शिकलो. मुलीने शिकवलं. तिचं नाव संघमित्रा, घरात मित्रा. तेव्हा ती कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला होती. शिकल्यावर मी चावी मागितली. सर म्हणाले, बघू. त्यानंतर त्यांच्या ओळखीतला एक मुलगा आला. त्याने एक चूक दुरुस्त केली आणि त्याच आठवड्यात त्याला चावी मिळाली. मी त्याचं अभिनंदन केलं. माझी पानं ईमेलनेच जात राहिली.

माझी आजी सांगायची. गावात विहिरीला हात लावायचा नाही. घागर घेऊन लांब बसायचं. वरच्या आळीतलं कुणी आलं, त्याला दया आली, तर तो वरून ओतणार. मीही माझी पानं घेऊन असाच बसायचो, निनादला वेळ होईपर्यंत. फरक एवढाच, की इथली विहीर मी खणली होती.

एकदा पादऱ्याहून एका भरतभाईंचा फोन आला. तिथल्या छोट्या कारखान्यात ते काटे तपासतात. आमच्या युनिटमधून नंबर मिळवला होता. म्हणाले, "निनादभाई बोलो छो?" मी म्हटलं, नाही, पण पुस्तिका मी लिहिली आहे. ते गोंधळले. "पण आमां तो नाम निनादभाईनुं छे." यात तर नाव निनादभाईंचं आहे, म्हणे. मी हसून विषय बदलला. त्यांची अडचण सोडवली. फोन ठेवला.

तेव्हाच कळायला हवं होतं.

हॉलमधून घरी आलो. बायको, सुनंदा, अंगणवाडीत काम करते. तिने विचारलं, कसा झाला कार्यक्रम? मी म्हटलं, चांगला झाला. जेवलो. दुपारी झोपलो.

सोमवारी सकाळी मी डबा भरून निघत होतो. मित्रा मोबाइल घेऊन समोर आली. मंडळाने कार्यक्रमाचा व्हिडिओ टाकला होता. तिने तो लावला. सरांचं वाक्य. मग हसणं. कॅमेरा हॉलवरून फिरला आणि माझ्यावर आला. तोंड उघडं, दात दिसतायत, मान हलतेय.

ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही हसताय."

एवढंच. सुनंदा ओट्यापाशी होती. तिने वळून बघितलं नाही, पण हात थांबले.

मी कामावर गेलो. गेज समोर घेतलं आणि मला आकडा दिसेना.

माझ्या लहानपणची एक गोष्ट आहे. मी मराठी शाळेत चौथीत होतो. वर्ग झाडायची पाळी रांगेप्रमाणे असायची. माझी पाळी माझ्या दिवशी यायची आणि दुसऱ्यांच्याही दिवशी यायची. बाई म्हणायच्या, तू कर रे, तुला येतं. मला खरंच यायचं. मी घरी सांगितलं नाही, पण बाबांना कळलं. ते दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून तसेच खाकी कपड्यांत शाळेत आले. वर्गाच्या दारात उभे राहिले. आत पाय टाकला नाही. म्हणाले, "बाई, झाडायचा पगार सरकार मला देतं. त्याला शिकायला पाठवलंय."

आणि निघून गेले. वर्गात कुणी हसलं नाही. त्यानंतर माझी पाळी माझ्याच दिवशी आली.

तो माणूस. सही करताना ज्याच्या हाताला घाम यायचा. त्याच्या नावावर हॉलभर माणसं हसली, आणि त्यात त्याचा मुलगा होता.

त्या आठवड्यात मी सरांच्या फ्लॅटवर गेलो. या वेळी बसलो नाही. दोन गोष्टी मागितल्या. माझ्या पानांवर माझं नाव. आणि चावी.

सर हिंचक्यावरच होते. शांतपणे म्हणाले, "भाऊ, ओपन सोर्समध्ये 'मी' नसतो. इथे सगळं सगळ्यांचं असतं."

मी म्हटलं, मग बक्षीस निनादचं कसं?

"ते आकड्यांवरून काढलं. कुणाच्या नावावर किती बदल आहेत ते कॉम्प्युटरने मोजलं. त्यात माझा हात नाही. तुम्ही तर आकड्यांची माणसं."

आकडा बरोबर होता. मी नंतर स्वतः मोजून बघितला. एकही कमी-जास्त नव्हता. गेज खोटं होतं. आणि ते खोटं दाखवेल असं बसवणारे हात समोर हिंचक्याच्या कड्या धरून बसले होते.

मी वाक्याबद्दल विचारलं. ते हसले. "गंमत होती हो ती. प्रेमाने म्हटलं. तुम्ही लोक फार मनाला लावून घेता."

तुम्ही लोक.

चावीचं काय, म्हटलं. ते म्हणाले, "शिस्त असते काही. दहा हात लागले की घाण होते."

माझा हात मी खिशातून बाहेर काढला आणि बघितला. बोटांना ग्रीसचा काळा लागला होता, तो साबणानेही जात नाही. सरांनीही त्या हाताकडे बघितलं. मी निघालो. दारापाशी सर म्हणाले, नव्या आवृत्तीची पानं महिनाअखेर पाठवा, उशीर नको.

पानं तयार होती. मी पाठवली नाहीत.

विहारात एक वकील येतात, त्यांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. कायदा आहे म्हणाले. मग विचारलं, साक्षीदार कोण देता? मी हॉलमधल्या चौघांना फोन केले. एकाने उचलला नाही. एक म्हणाला, मी तेव्हा चहाला बाहेर होतो. एक म्हणाला, जाऊ दे ना यार, चालतं असं. निनादने उचलला. मग म्हणाला, "भाऊ, मामा आहे माझा." व्हिडिओही तोपर्यंत मंडळाने काढून टाकला होता. मुलीने तो उतरवून घेतला नव्हता. तिला तो परत बघायचा नव्हता. हॉलभर माणसं होती. साक्षीदार एक नव्हता.

मग मी त्यांचाच नियम वाचला. पुस्तिकेबरोबर एक परवाना जोडलेला असतो. सरांनीच तो जोडला होता. त्यात लिहिलंय, कुणीही हे सगळं घ्यावं, बदलावं, वाटावं. अट एकच, मूळ लेखकाचं नाव पुसायचं नाही. सगळं उचलून आपल्या जागी मांडायचं आणि तिथून पुढे आपण चालवायचं, याला हे लोक फोर्क म्हणतात. त्याला कुणाची चावी लागत नाही.

मी सगळी पानं उचलली. जुनी, नवी. माझ्या जागी मांडली. प्रत्येक पानाखाली लिहिलं, हे कुणी लिहिलं आणि ते कुणाच्या नावाने आत गेलं. निनादने मधे दोन पानांतली चित्रं काढली होती, तिथे त्याचं नाव ठेवलं. जे ज्याचं ते त्याचं.

आणि सगळ्यात आधी एक पान जोडलं. 'या पुस्तिकेबद्दल.' त्यात पुस्तिका कशी झाली ते लिहिलं. मला चावी का मिळाली नाही ते लिहिलं. लेखकाचे वडील बडोदे स्टेशनवर सफाई कामगार होते आणि रूळ झाडत, हे लिहिलं. बक्षिसाच्या दिवशी माइकवरून कोण काय म्हणाले तेही लिहिलं. अक्षर न बदलता. कुठलाही शेरा नाही. आधी रीडिंग.

ते सगळ्यांना दिसेल असं लावलं. मग चहा केला. सुनंदाला आणि मित्राला वाचून दाखवलं.

सुनंदा म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी हसला नसतात तर एवढं लिहावं लागलं नसतं."

तिने कप उचलले आणि आत गेली. ती बरोबर होती. मी परत बसलो आणि सरांच्या वाक्याखाली आणखी एक वाक्य जोडलं.

चार दिवसांनी अभय सरांचा फोन आला. आवाज मऊ होता. म्हणाले, झालं ते झालं, बाहेरच्या लोकांत प्रकल्पाचं नाव खराब होतंय. तुमचं पान बाहेरच्या राज्यांतली माणसंही वाचतायत. मला विचारतायत. मग एकेक देऊ लागले. पुस्तिकेवर मुख्य लेखक म्हणून माझं नाव. चावी आजच. पुढच्या कार्यक्रमात स्टेजवर खुर्ची.

मी जे मागायला गेलो होतो ते सगळं. त्याहून जास्त.

मी विचारलं, आणि माझ्याकडून काय हवं?

"फार काही नाही. वडिलांचा उल्लेख राहू द्या, तो छान वाटतो, संघर्ष दिसतो. माझं वाक्य तेवढं काढा."

खोटं कशाला बोलू? मन गेलं होतं. एक ओळ तर काढायची. नाव मिळत होतं. बाबांचंही राहत होतं. आणि मला युनिटमध्ये येणारी ती गेजं दिसली. मालक लोक घाईने म्हणतात, कशाला जुनं लिहिता, आता बरोबर करून द्या ना, कागदावर स्वच्छ दिसू दे.

मी म्हटलं, "ती ओळ राहील."

"भाऊ, विचार करा."

"केला. नाव आणि चावी ही दुरुस्ती आहे. जरूर करा. पण आधी काय दाखवत होतं ते लिहिलेलं राहील."

फोनवर हिंचक्याच्या कड्यांचा आवाज येत होता. मग त्यांनी अगदी सहज विचारलं, "मित्राचं ट्रेनिंग कसं चाललंय?"

मित्रा शेवटच्या वर्षाला होती. तिला ज्या कंपनीत ट्रेनिंग मिळालं होतं, तिचे मालक सरांचे मित्र. शब्द सरांनीच टाकला होता. मी त्याबद्दल त्यांचे आभार मानले होते, पेढे घेऊन गेलो होतो.

मी म्हटलं, चांगलं चाललंय. त्यांनी फोन ठेवला.

पुढच्या महिन्यात मित्राचं ट्रेनिंग थांबलं. ट्रेनिंगच्या जागा कमी केल्या, असं कळवलं. तिच्याबरोबरची दोन मुलं अजून तिथेच आहेत. सरांनी सांगितलं म्हणून झालं, असं मी म्हणू शकत नाही. मी बघितलेलं नाही. जे बघितलं ते लिहिलं. फोनवर त्यांनी विचारलं, आणि पुढच्या महिन्यात हे झालं.

मित्रा घरी आली, बॅग ठेवली. कंपनीचं कार्ड गळ्यातून काढलं आणि टेबलावर टाकलं. म्हणाली, "ओळ काढली असती तर?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

ती आपल्या खोलीत गेली. ओळ काढा, असं ती म्हणाली नाही. ठेवा, असंही म्हणाली नाही. आजतागायत म्हणालेली नाही. ती दुसरीकडे अर्ज करतेय. जेवायला एकत्र बसतो. त्या विषयावर बोलत नाही.

सरांच्या प्रकल्पाच्या जागेवर आता लिहिलंय, की बाहेर एक अनधिकृत पुस्तिका फिरतेय, तिच्यावर विसंबू नये. त्यांच्या जागेवर माझीच जुनी पानं आहेत, निनादच्या नावाखाली. नव्या आवृत्तीला ती जुळत नाहीत. पादऱ्याच्या भरतभाईंचा मधे फोन आला होता. त्यांच्या शेठने सांगितलंय, अधिकृत तेच वापरायचं. ते दिलगिरीने बोलत होते. मी म्हटलं, काही हरकत नाही, अडलं तर फोन करा. अजून केला नाही.

माझ्या पुस्तिकेत मदत करायला दोघे आले. एक आठवडाभर राहिला. दुसऱ्याने पहिलं पान वाचलं आणि विचारलं, हे राजकारण इथे कशाला? मी म्हटलं, हे रीडिंग आहे. तो गेला. त्याला चावी दिलेली होती. कुणी एक चूक बरोबर दुरुस्त केली की मी त्याला चावी देतो. आडनाव विचारत नाही. ती चावी अजून त्याच्या नावावर आहे.

गेल्या आठवड्यात प्रोग्रामची आणखी एक आवृत्ती आली. बटणं परत हलली आहेत. मी परत पहिल्यापासून बसलोय. एक वाक्य वाचतो, हाताने करून बघतो, खोटं निघालं तर बदलतो. पानं बदलत राहतील. मी असेपर्यंत मी बदलीन.

पहिलं पान बदलणार नाही. त्यात सरांचं वाक्य आहे. त्याखाली मी त्या दिवशी जोडलेलं वाक्य आहे. 'तेव्हा लेखकही हसला.' तेही राहील. ते माझं रीडिंग आहे आणि त्याला मी स्क्रू लावणार नाही.

यापुढे माझ्या बापावर कुणी हसलं तर मी हसणार नाही. मी कागद काढीन. जागा लिहीन, दिवस लिहीन, बोलणाऱ्याचं नाव लिहीन आणि वाक्य लिहीन, जसं कानावर पडलं तसं. त्याच्यासमोर. तो बघत असताना.